रेसकोर्सवर पटाचा माणूस



आज पोस्ट जरा लांब आहे. चहा घेऊन बसा. दिवाळी झाली की आपल्या रिसोड, मालेगाव, मेहकर पट्ट्यात शंकरपटाच्या पत्रिका फिरायला लागतील. प्रत्येक ग्रुपवर इनामाचे आकडे येतील. त्याच्या आधी हे लिहून टाकावं म्हणतो. नंतर कोणी ऐकायच्या मनःस्थितीत नसतं.

मागच्या पंधरवड्यात पुण्याला गेलो होतो. लेकीकडे. माझा केनवडचा जुना दोस्तही तिकडेच होता. त्याचा पोरगा चाकणला कंपनीत आहे, नातवाचं जावळ होतं. त्याचं नाव लिहीत नाही, त्याला आवडणार नाही. गावातल्या जुन्या माणसांना 'धुरकरी' म्हटलं की कळेल. वीस-पंचवीस वर्षं त्याने पटात जोडी हाकली. पहिलीपासून चौथीपर्यंत आम्ही एका बाकावर होतो.

त्याचं माझ्यावर एक जुनं देणं होतं. २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाने बंदी घातली तेव्हा पारावर आमचं मोठं भांडण झालं होतं. तो म्हणाला होता, "मुंबई-पुण्यात घोडे पळवतात ते चालते, अन् आमचे बैल पळले त गुन्हा?" मी तेव्हा पेपर वाचणारा शहाणा माणूस. म्हटलं, कोर्टाने विचार करूनच केलं असेल, तू जोडी विकून टाक. रिकामी जोडी दारात बांधून ढेप किती दिवस चारशील? त्याने ऐकलं. त्या दिवाळीच्या आत मोऱ्या आणि लाखा बाजारात गेले, निम्म्या किमतीत. पटाचे बैल घ्यायला तेव्हा कोणी उभं राहत नव्हतं. त्यानंतर वर्षभर तो माझ्या दारात आला नाही.

मग बोलणं सुरू झालं. पण तो मधून मधून म्हणायचा, "एक डाव मले ते घोडे दाखव." तर यावेळी दोघंही पुण्यात, रविवार मोकळा, रेस होती. म्हटलं, चल.

पुण्याचं रेसकोर्स कॅम्पात आहे, लष्कराच्या जमिनीवर. चालवतो रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लब, तोच मुंबईचं महालक्ष्मीही चालवतो. महालक्ष्मी १८८३ चं आहे. पावसाळ्यात घोडे पुण्यात पळतात, थंडीत मुंबईत. आपल्या मनात रेस म्हटली की टोपीवाल्या बाया आणि कोटवाले साहेब येतात ना, ते एका बाजूला होतेही. पण आम्ही तिकीट काढून ज्या भागात शिरलो तिथे रिक्षावाले, पेन्शनर, हॉटेलात काम करणारी पोरं, बनियन दिसेल असे शर्ट घातलेले म्हातारे. प्रत्येकाच्या हातात रेसचं पुस्तक आणि कानावर पेन. दोस्त इकडे तिकडे बघून म्हणाला, "हे त आपलेच लोक हायेत गड्या."

पुस्तक मी त्याला वाचून दाखवलं. तो थक्कच झाला. प्रत्येक घोड्याचं वय, रंग, आई कोण, बाप कोण, मालक कोण, शिकवणारा कोण, वर कोण बसणार, पाठीवर वजन किती नेणार, मागच्या वेळी कितवा आला होता. चांगल्या घोड्यावर जास्त वजन टाकतात आणि कमी ताकदीच्या घोड्यावर कमी, म्हणजे सगळ्यांना थोडी बरोबरीची संधी. जॉकीला रेसच्या आधी खोगिरासकट काट्यावर तोलतात आणि रेस झाल्यावर पुन्हा तोलतात. घोड्याला काही पाजलंय-टोचलंय का, ते लघवी तपासून बघतात. वर पंच बसलेले असतात, स्टुअर्ड म्हणतात त्यांना. कोणी आडवा घातला, मुद्दाम मागे खेचला, चाबूक जास्त चालवला तर चौकशी होते, दंड होतो, निकालसुद्धा फिरतो.

दोस्त म्हणाला, "आमच्याकडं चुना मारला, झेंडी धरली, की झाला पट."

रेसच्या आधी घोडे एका गोल रिंगणात फिरवतात. तिथे तो कठड्याला टेकून उभा राहिला आणि अर्धा तास हललाच नाही. बोलला तेवढं बैलाबद्दलच. "याची पाठ पाह्य. याले जास्त पाणी पाजलं हाये. हे मागचा पाय आखडून टाकते." एक तपकिरी घोडी त्याला फार आवडली. ती तिसरी आली. त्याने सांगितलेला पाय आखडणारा घोडा दुसरा आला. म्हणजे पटाच्या माणसाला घोडा कळतो असं काही सिद्ध झालं नाही. मी गंमत म्हणून शंभराची चिठ्ठी घेतली होती, ती गेली. त्याने घेतली नाही. मी दोनदा म्हटलं, अरे शंभरच रुपये आहेत, मी देतो. त्याने मान हलवली. मला वाटलं, पैशाला जपतोय.

शेवटच्या वळणावरून घोडे समोर आले की सगळं मैदान उभं राहायचं. तो आवाज तुम्हाला माहीत आहे. आपल्या दाणीवर जोडी सुटली की जो आवाज होतो, तोच. आमच्या शेजारी एक पोरगा होता, पंचविशीचा असेल. सहाव्या रेसनंतर त्याने हातातल्या चिठ्ठ्या फाडल्या नाहीत, नीट घडी करून खिशात ठेवल्या आणि खालीच बसला. दोस्त त्याच्याकडे बघत राहिला. मग मला म्हणाला, "चाल, पुरे झालं." अजून रेसा बाकी होत्या.

बाहेर टपरीवर चहा घेताना त्याने जे सांगितलं ते मला अकरा वर्षांत माहीत नव्हतं.

"तुले वाटते तुह्या सांगण्यानं मी जोडी इकली. तसं नाही बे. बंदी आली त्याच्या आधीच्या सालात मी पटावर पैसे लावत होतो. जोडीवर इनाम किती भेटे? दाणीच्या मांगं पोरं चिठ्ठ्या धरत, तिथं मी सोयाबीनचे पैसे घातले. एक साल नाही, दोन साल. घरी सांगलं, कीड पडली. बंदी आली तवा मले बैलाचं वाईट वाटलं, पण एक सांगू? जीव सुटल्यासारखाबी वाटला. बैलानं मले कधी बुडवलं नाही. चिठ्ठीनं बुडवलं."

मी गप्प बसलो. काय बोलणार? अकरा वर्षं मी मनातल्या मनात अपराधी होतो आणि तो मनातल्या मनात चोर.

आता माझा मुद्दा.

कायदा घोड्याशी एक आणि बैलाशी एक वागला, हे खरंच आहे. ११ जुलै २०११ ला केंद्राच्या पर्यावरण खात्याने अधिसूचना काढली आणि ज्या प्राण्यांना खेळासाठी शिकवता-दाखवता येणार नाही त्या यादीत अस्वल, माकड, वाघ, बिबट्या, सिंह यांच्या पंगतीला बैल बसवला. घोडा त्या यादीत नाही. ७ मे २०१४ ला सुप्रीम कोर्टाने तमिळनाडूचा जल्लीकट्टू आणि आपल्या शर्यती दोन्ही बंद केल्या. घोड्यांच्या बाबतीत त्याच कोर्टाने १९९६ मध्ये सांगितलं होतं की घोड्यांची रेस हा कौशल्याचा खेळ आहे, निव्वळ नशिबाचा जुगार नाही. आपल्या राज्यातला जुगारबंदी कायदा १८८७ चा. त्यातही रेसकोर्सच्या आवारात घोड्यावर लावलेल्या पैशाला इंग्रजांच्या काळापासून सवलत आहे. मी त्या रविवारी शंभर रुपये लावले तो गुन्हा नव्हता, उलट त्यावर सरकार कर घेतं. आधी २८ टक्के जीएसटी होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला. तेच शंभर रुपये मी आपल्या दाणीच्या मागे लावले तर पोलीस पकडून नेतील.

म्हणजे दोस्ताचा २०१४ चा प्रश्न चुकीचा नव्हता. मी त्याला दिलेलं उत्तर अर्धवट होतं. हे मी आज सगळ्यांसमोर कबूल करतो.

पण आता तो प्रश्न जुना झाला, हेही समजून घ्या. राज्याने २०१७ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली, हायकोर्टात ती अडकली. १६ डिसेंबर २०२१ ला सुप्रीम कोर्टाने शर्यतींना अटी घालून परवानगी दिली आणि १८ मे २०२३ ला पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने तमिळनाडू, कर्नाटक आणि महाराष्ट्राचे कायदे कायम ठेवले. पट आपल्याला परत मिळाला. आता "घोड्याला चालते मग बैलाला का नाही" असं ओरडायचं कारण उरलेलं नाही. आता प्रश्न आपल्याला विचारला जाणार आहे की तुम्ही तो चालवता कसा?

अटी काय आहेत, ते पत्रिका छापणाऱ्यांनी एकदा तरी वाचावं. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आधी. धाव १,००० मीटरच्या आत. काठी, चाबूक, खिळे, करंट काही नाही. बैलाची डॉक्टरांकडून तपासणी. मोडलं तर पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद. आणि प्रत्यक्षात? मी नाव कोणत्याच गावाचं घेत नाही, पण तुम्ही-आम्ही सगळ्यांनी बघितलंय. तुतारीची आर काढून ठेवल्यासारखं दाखवायचं आणि मुठीत टोचणी ठेवायची. शेपटी दातात धरायची. डॉक्टरांचा कागद सकाळी एकदाच सह्या करून आणायचा. दाणीच्या मागे चिठ्ठ्या चालतात हे तर शेंबड्या पोरालाही माहीत. हल्ली चिठ्ठीही लागत नाही, मोबाईलवर पैसे फिरतात. पैशांच्या ऑनलाइन खेळांवर केंद्राने ऑगस्ट २०२५ मध्ये बंदीचा कायदा केला, चांगलं झालं. पण पटाच्या मागच्या मोबाईलला कोण बघणार?

काही जण म्हणतील, बैल पळवायचाच कशाला? त्यांचं म्हणणं मी हसण्यावारी नेत नाही. २०१४ च्या निकालात कोर्टाने म्हटलं होतं की बैलाची शरीररचना घोड्यासारखी पळण्यासाठी नाही. दोस्ताला मी हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "बरोबर हाये. म्हणून त आपली दाण लहान रायते. काही सेकंदाचा खेळ हाये तो. लांब पळवणारा माणूस बैलवाला नाहीच." मला हे उत्तर पटलं. पण ते उत्तर तेव्हाच खरं, जेव्हा एक जोडी दिवसातून किती वेळा सोडली याचा कोणीतरी हिशेब ठेवतो.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. पट वाचवताना आपण कोर्टापुढे आणि जगापुढे काय सांगितलं? हा शेतकऱ्याचा खेळ आहे, पट राहिला तर बैल राहील, देशी जात राहील. तर बैल राहिला का? २०१९ च्या २० व्या पशुगणनेत देशातल्या गोवंशातले नर २०१२ च्या मानाने जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले. आकडा राहू द्या, आपल्या गावचा पोळा बघा. तोरणाखाली आपल्या लहानपणी किती जोड्या उभ्या राहायच्या आणि यंदा किती होत्या, ते स्वतःच मोजा. पेरणी ट्रॅक्टरने, मळणी यंत्राने, डवरणीला तेवढा बैल, आणि आता तणनाशक आल्यापासून तेही कमी. आणि दुसरीकडे पटाची जोडी लाखांत विकली जाते. ती जोडी कधी वखराला जुंपलेली नसते. तिचा मालक बरेचदा शेतकरीही नसतो. ठेकेदार असतो, नेता असतो, प्लॉटचा धंदा असतो. तिच्यामुळे माझ्या-तुमच्या गोठ्यात एकही बैल वाढत नाही. म्हणजे शेतकऱ्याच्या नावाने आपण जे परत मिळवलं ते हळूहळू घोड्यांची रेस होत चाललंय. फरक एवढाच की घोड्यांच्या रेसमध्ये निदान पुस्तक असतं, काटा असतो, पंच असतात. आपल्याकडे फक्त चिठ्ठी आलीय.

म्हणून म्हणतो, रेसकोर्सकडून शिकायचंच असेल तर त्यांची खिडकी शिकू नका, वही शिका.

एक, प्रत्येक बैलाच्या कानात आता पिवळा बिल्ला आहे, त्यावर १२ अंकी नंबर आहे. पटाच्या मंडळाने वही करावी. बिल्ल्याचा नंबर, वय, डॉक्टरांनी किती वाजता तपासलं, आज कितव्यांदा पळतोय, किती सेकंद लागले. ही वही मंडपात सगळ्यांना दिसेल अशी ठेवावी. याला खर्च वीस रुपयांच्या वहीचा.

दोन, जॉकीला आधी आणि नंतर तोलतात, तसं धुरकऱ्याला दाणीवर जायच्या आधी आणि उतरल्यावर तपासावं. मूठ, खिसा, कंबर. टोचणी सापडली की जोडी बाद, मग ती कोणाचीही असो. गावातल्या सगळ्यात मोठ्या माणसाची जोडी एकदा बाद करून दाखवा, पुढची दहा वर्षं कोणी मुठीत काही धरणार नाही.

तीन, शेतात राबणाऱ्या जोड्यांचा वेगळा गट ठेवा आणि मोठं बक्षीस त्या गटाला द्या. काही ठिकाणी गावच्या जोड्यांचा गट असतो, पण त्याचं इनाम नावापुरतं. उलट करा. लाखांच्या जोड्यांना ढाल-फेटा द्या, त्यांना पैशाची काय कमी? आणि राबणाऱ्या जोडीला ढेप, सरकी, कडबा, रोख रक्कम द्या. बैल राखणाऱ्या माणसाला पटातून काहीतरी मिळालं तर "पट राहिला तर बैल राहील" हे वाक्य खरं होईल.

चार, चिठ्ठी. ही गोष्ट कायद्याने होणार नाही, कारण कायदा दाणीच्या मागे येत नाही. ती मंडळानेच करायची. माईकवर दिवसभर इनामाच्या घोषणा करता, त्यात दर तासाला हेही सांगा की इथे पैसे लावताना कोणी दिसला तर पट तिथेच थांबेल. आणि एकदा खरंच थांबवा.

अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरच्या पटाचं नाव आपण आदराने घेतो. बायकांचे पटही तिथे झाले, अख्खं विदर्भ बघायला जातं. नाव इनामाने होत नाही, शिस्तीने आणि सातत्याने होतं. आपल्या भागातही तसा एक पट व्हावा अशी माझी इच्छा आहे. केनवडला झाला तर मी वही लिहायला बसतो, हे आत्ताच सांगून ठेवतो. अक्षर बरं आहे माझं.

परत येताना आम्ही एकाच ट्रॅव्हल्सने आलो. मेहकर जवळ आलं तेव्हा पहाट होत होती. दोस्त खिडकीतून बाहेर बघत होता. मी विचारलं, आता जोडी घेतोस का परत? पट तर सुरू झाले.

"घेईन," तो म्हणाला. "पण वखराची घेईन. पळली त पळली."

मग थोड्या वेळाने म्हणाला, "हे चिठ्ठीचं तुह्या फेसबुकवर लिही. माह्य नाव नको टाकू. पण लिही. आता त्या पोरासारखे लय पोट्टे हायेत आपल्या गावात."

म्हणून लिहिलं. यंदा पावसाने सोयाबीनचं काय केलं ते तुम्हाला सांगायला नको. हातात जे काही चार पैसे आले असतील ते दाणीच्या मागे नेऊ नका. बैल बघायला जरूर जा, आरोळी मारा, फेटा उडवा. मीही येईन.

आणि ज्यांच्या गावात पटाचं मंडळ आहे त्यांनी ही पोस्ट मंडळाच्या ग्रुपवर टाका. शिव्या आल्या तर माझ्या नावाने येऊ द्या.

जय किसान.